पावती क्रमांक ४३१८ : एका ताईंना आभार पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली इच्छा आहे, म्हणून ते लिहीत नाही. मात्र गेल्या दिवाळीनंतरच्या त्या रात्री आपण आमच्यासाठी जे केले, ते आपल्या भागात सर्व्हर सांभाळणाऱ्या इतरांपर्यंतही पोहोचावे, या हेतूने हे पत्र सर्वांसाठी खुले ठेवत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कंपनीच्या तीन जिनिंग आणि एक तेल गिरणी, या सर्वांचे काम एकाच होस्ट सर्व्हरवर चालते. त्यावर व्हीएमवेअर कंपनीचे ईएसएक्सआय, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालवणारे सॉफ्टवेअर असून त्यात असे चार संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन आहेत. काट्याचा आणि हिशेबाचा डेटाबेस ज्या मशीनवर आहे, तेच मशीन त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास थांबले. आवारात कापसाने भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर उभे होते. त्यांपैकी सदतीस गाड्यांचे भरलेले वजन झाले होते आणि रिकामे वजन व्हायचे होते. भरलेल्या वजनाचा आकडाच हाती नसेल, तर कापूस खाली केलेल्या शेतकऱ्याला चुकारा कशाच्या आधारावर द्यायचा, हा प्रश्न घेऊन दिवाणजी माझ्यासमोर उभे होते. शेवटची छापलेली पावती ४३१८ क्रमांकाची होती.

आपण दिवाळीसाठी माहेरी आला होता. माझ्या कॉलेजच्या सरांनी आपला नंबर दिला आणि रेंज मिळावी म्हणून आपण गच्चीवर जाऊन माझ्याशी बोललात. होस्टच्या पडद्यावर संदेश होता, की व्हर्च्युअल डिस्कसाठी जागा उरलेली नाही, आणि खाली ‘रिट्राय’ व ‘कॅन्सल’ अशी दोन बटणे होती. माझे बोट ‘कॅन्सल’वर होते. आपण म्हणालात, “भाऊ, दोन्ही बटणांना हात लावू नका. मशीन मेले नाही, जागेची वाट पाहत थांबले आहे.” ‘कॅन्सल’ दाबले असते, तर चालू डेटाबेससकट ते मशीन एका झटक्यात बंद पडले असते.

डेटास्टोअरमध्ये, म्हणजे सर्व मशीनच्या फाइली जिथे असतात त्या साठ्यात, नावाच्या शेवटी ०००००१ असा आकडा असलेली ३८० जीबीची एक फाइल होती. ती जुनी, निरुपयोगी प्रत असावी असे समजून मी ती काढून टाकण्याचे सुचवले, तेव्हा आपला आवाज प्रथमच चढला. जुलैमध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराने स्नॅपशॉट (गरज पडल्यास मागे येता यावे म्हणून राखलेली मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेतला होता आणि काम झाल्यावर तो तसाच सोडून दिला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क त्या क्षणी थांबते आणि पुढचे सर्व लेखन नव्या फाइलीत होते, म्हणजे मी जी काढायला निघालो होतो त्याच फाइलीत जुलैपासूनचा आमचा सारा व्यवहार होता. शिवाय रात्रीची बॅकअप फाइलही त्याच डिस्कवर लिहिली जात असल्याने ही स्नॅपशॉटची फाइल रोज फुगत गेली. आमच्याकडे बॅकअप आहे असे मी दोन वर्षे मालकांना सांगत आलो होतो, आणि तो त्याच मशीनच्या पोटात होता, हे त्या रात्री मला कळले.

जागा कुठून काढायची, हे आपण ज्या रीतीने सुचवले ते मी कधी विसरणार नाही. चालू असलेल्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी, मेमरी राखीव ठेवलेली नसेल तर, तिच्या मेमरीएवढी एक स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची राखीव जागा, डेटास्टोअरवर असते. फाइल सर्व्हरला १६ जीबी मेमरी होती आणि रात्री त्याची गरज नव्हती. तो रीतसर बंद करताच तेवढी जागा मोकळी झाली आणि मग आपण ‘रिट्राय’ दाबायला सांगितले. डेटाबेस जागा झाला. त्याचा बॅकअप त्याच डिस्कवर घेतला असता, तर ती १६ जीबीही संपली असती. म्हणून आपण तो नेटवर्कवरून थेट माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावला. नंतर मशीन बंद करून स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये विलीन करायला सुरुवात केली. मशीन चालू ठेवले असते, तर त्या काळातील नव्या लेखनासाठी पुन्हा जागा लागली असती.

तोवर गाड्यांची वजने दिवाणजींनी वहीत लिहायला घेतली होती आणि पहिली नोंद ४३१९ अशी केली होती. शेतकरी शेकोटीभोवती बसून होते. रात्री दोन वाजता लाइन गेली, यूपीएसवरून भार जनरेटरवर आला आणि चौकीदाराने डिझेलची कॅन आणून ठेवली. पुढे काम ९९ टक्क्यांवर येऊन थांबले आणि तासभर हलेना. होस्ट रीस्टार्ट करावा का, असे मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा आपण न चिडता एवढेच सांगितले, की मॉनिटरच्या पानावर डिस्कचे लेखन चालू दिसते आहे ना, मग काम चालू आहे, त्याला हात लावायचा नाही. पहाटे पावणेपाच वाजता ते पूर्ण झाले. मशीन सुरू केले, काट्याचा प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर शेवटची पावती दिसली : ४३१८. सदतीसही वजने जशीच्या तशी होती.

मोबदल्याचा विषय काढला तर आपण तो बोलूच दिला नाही. उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून कामे लिहून घ्यायला लावलीत. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे स्वतः व्हीएमवेअरचेच सांगणे आहे, आणि तो बॅकअप नव्हे. आता आमचा बॅकअप रोज दुसऱ्या जिनिंगमधील वेगळ्या यंत्रावर जातो आणि त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर कपाटात राहते. डेटास्टोअरची जागा २० टक्क्यांखाली आली की मला आणि दिवाणजींना एसएमएस येतो. भारनियमनात यूपीएसची बॅटरी उतरू लागली की आधी डेटाबेस, मग फाइल सर्व्हर, आणि सर्वांत शेवटी लॉगिनचा सर्व्हर बंद होतो. ब्रॉडकॉम कंपनीने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, त्यामुळे जुन्या एका यंत्रावर प्रॉक्समॉक्स हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअरही चालवून पाहत आहोत. तोही सल्ला आपलाच.

बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय तो आहे असे मानू नका, असे आपण म्हणाला होता. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वेगळ्या नेटवर्कवर उभा करतो. गेल्या रविवारी ४७ मिनिटे लागली. दिवाणजी स्वतः शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी आदल्या दिवसाची शेवटची पावती वहीशी ताडून पाहिली आणि आपल्याला नमस्कार कळवायला सांगितले.

आपला कृतज्ञ,
जिनिंगचा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर