अफगाण चर्चमधल्या न लिहिलेल्या नावांबद्दल

संपादक महोदय,

कुलाब्याला नेव्ही नगरच्या वाटेवर जो उंच निमुळता मनोरा दिसतो ते सेंट जॉन चर्च, म्हणजे आपलं अफगाण चर्च. बसने जाणाऱ्यांना नाव पाठ असतं, पण मुंबईत हे अफगाण आलं कुठून ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८३८ ते १८४३ मधलं पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध आणि सिंधची मोहीम, त्यात जे गेले त्यांचं हे स्मारक. मुंबईची फौज तेव्हा जहाजाने सिंधला उतरून बोलन घाटातून पुढे गेली होती, म्हणजे ही काही लांबची गोष्ट नाही.

बांधकामाला १८४७ मध्ये सुरुवात झाली, १८५८ मध्ये चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं आणि १९८ फुटी मनोरा पूर्ण व्हायला १८६५ उजाडलं. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने पैसे दिले हे मला फार मोलाचं वाटतं. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, ज्याने विहार तलावाची पाणीयोजना केली तोच हा इंजिनीअर! आतली सजावट, फरशा वगैरे लंडनच्या विल्यम बटरफिल्डची. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या उभ्या खिडक्या, बाकांना बंदुका टेकवायला खाचा, सगळं एकदा तरी बघाच.

पण मला खरं बोलायचंय ते आतल्या शिलालेखाबद्दल. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरलीयत, आणि बाकीचे हुद्देदार नि साधे शिपाई संख्येने इतके की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही असं तिथेच लिहून ठेवलंय. हे वाचून पोटात तुटतं हो. मुंबई फौजेत कोकणातले, देशावरचे किती शिपाई भरती व्हायचे, मराठा, महार, सगळे, त्यातले जे तलवारीने नाहीतर आजाराने तिकडेच गेले त्यांच्या घरच्यांना निरोप तरी कधी पोचला असेल? इमारत इंग्रजांनी बांधली म्हणून ती परकी असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की त्या न लिहिलेल्या नावांत आपलीच माणसं आहेत.

म्हणून विनंती अशी की चर्चची देखभाल करणारे, पुरातत्त्व खातं आणि इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून मुंबई फौजेची जुनी कागदपत्रं तपासावीत, शिपायांची जेवढी नावं सापडतील तेवढ्यांचा एक फलक मराठीत आवारात लावावा, आणि दक्षिण मुंबईतल्या शाळांनी सहलीसाठी म्युझियमच्या जोडीला हे चर्चही ठेवावं.

एक वाचक, गिरगाव