मायक्रोस्कोपवाल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझा शोधनिबंध छापून आला. तुमचं नाव शेवटच्या आभारात आहे, एका ओळीत, तेही इंग्रजीत. मशीन चालवणाऱ्याचं नाव लेखकांच्या यादीत क्वचितच येतं, तसा रिवाजच आहे. मला तो पटत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. फेरिटिन हे शरीरात लोह साठवणारं प्रथिन. त्याच्या 24 साखळ्या आपणहून एकत्र येतात आणि जेमतेम 12 नॅनोमीटरचा पोकळ पिंजरा तयार होतो. आत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. आम्ल घालून पीएच 2 च्या आसपास नेला की पिंजरा सुटतो, परत 7 वर आणला की जुळतो. मधल्या वेळात आत औषध भरायचं, हा माझा उद्योग. पण पिंजरा पुरता जुळला की नाही? कणांचा सरासरी आकार मोजून ते कळत नाही.

ते कळलं तुमच्या अंधाऱ्या खोलीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर, म्हणजे बारीक जाळीवर, थेंब ठेवायचा, फिल्टर पेपरची कड टेकवून टिपायचा, मग कण उठून दिसावेत म्हणून लावायचा स्टेन, युरेनिल अ‍ॅसिटेट. चिमट्यावरचा तुमचा हात कधी हलला नाही. पडद्यावर गोल कडी उमटली. स्टेन पोकळीत शिरल्यामुळे प्रत्येकीच्या मधोमध काळा ठिपका. मी खूश! तुम्ही म्हणालात, "छान दिसतं ते सगळेच दाखवतात. ग्रिडच्या त्या कोपऱ्यात चल." तिथे घोड्याच्या नालेसारखी अर्धवट कडी पसरली होती. त्यानंतर आम्ही पीएच सावकाश वाढवू लागलो. प्रत्येक नमुन्याला तुम्ही कोपरान् कोपरा दाखवलात, ड्यूटी संपली तरी.

2020 मध्ये केंब्रिज आणि ग्योटिंगेनच्या गटांनी नमुना गोठवून, क्रायो पद्धतीने, याच प्रथिनाचे अणू सुटे दिसतील इतकी स्पष्ट रचना काढली. तो लेख तुम्हीच आणून दिलात. वर म्हणालात, "आपल्या म्हाताऱ्या मशीनला हे जमायचं नाही, पण फुटका पिंजरा ते बरोबर पकडतं."

तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय. जाण्याआधी नव्या मुलाला फिलामेंट (मशीनमधली इलेक्ट्रॉन सोडणारी तार) बदलायला तेवढं शिकवून जा. मॅन्युअल वाचून ते कुणाला जमलेलं नाही.

तुमची,
फेरिटिनवाली