बोलिंग बॉलला चौथं भोक नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गोळा घरंगळवून खुंट्या पाडायच्या बोलिंगच्या बॉलला दोन बोटं आणि अंगठा घालायची तीन भोकं घरच्या घरी कशी पाडावीत, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मी ३४ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात काढली, त्यामुळे कुणी ड्रिल मशीनला हात घालतो म्हटलं की मला बरंच वाटतं. पण त्यातलं एक वाक्य आधी दुरुस्त करा. बॉलचा तोल एका अंगाला गेला तर बाजूला चौथं भोक पाडून तो सावरावा, असं लेखक सांगतात. पूर्वी ते चालायचं. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंगच्या संघटनेनं १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद केलं. पकडायला जे भोक लागत नाही, ते बॉलला असूच नये. असेल तर बुजवा. त्याच्या बदल्यात १० पौंडांवरच्या बॉलला दोन बाजूंच्या तोलात ३ औंसांपर्यंत फरक चालवून घेतात. म्हणजे चौथ्या भोकाची गरजच उरलेली नाही. लेख वाचून एखाद्या पोरानं नवाकोरा बॉल भोसकला, तर त्याचे पैसे कोण देणार?

दुसरं, लेखातल्या हातात धरायच्या ड्रिलचं. साडेआठ इंची गुळगुळीत गोळा, त्यात अंगठ्याचं भोक जवळजवळ इंचभर रुंद. हातात धरून बिट लावलंत की आधी बॉल फिरेल, मग तुमचं मनगट. मी माझ्या लेकीचा बॉल कांजूरमार्गला मित्राच्या गाळ्यात पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या ड्रिल मशीनवर केला. लाकडाची वाटी कोरून तिला टेबलावर बोल्ट मारले, बॉल तिच्यात बसवून वरून पट्टी आवळली. बिटाची धार पितळेसाठी मारतो तशी चपटी करून घेतली, कारण लोखंडासाठी मारलेली धार प्लास्टिकमध्ये घुसते, अडकते आणि जॉब, म्हणजे भोक पाडायची वस्तूच उचलते. पंचवीस वर्षांपूर्वी एका शिकाऊ मुलाचं बोट असंच गेलेलं पाहिलंय, म्हणून जरा जास्त सांगतो.

एवढं सगळं करूनही पहिला बॉल चुकला, आणि चूक मशीनची नव्हती. लेकीचा हात कागदावर ठेवून मी पेन्सिलीनं आखून घेतला होता. कागदावर माणूस हात ताणून ठेवतो. बॉलवर तो सैल पडला पाहिजे. अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटांच्या भोकाच्या कडेपर्यंतच्या अंतराला स्पॅन म्हणतात, तो पाव इंच जास्त निघाला. तीन गेममध्ये तिच्या अंगठ्याच्या बुडाचं कातडं सोललं. बोलली काही नाही, घरी येऊन खोबरेल तेल लावत बसली.

मग इपॉक्सी ओतून तिन्ही भोकं बुजवली, दिवसभर सुकू दिली, पॉलिश पेपरनं गोलाईला मिळवली. त्या दिवसात बॉल स्वयंपाकघरात चुंबळीवर बसलेला. सौ. म्हणाली, "अहो, हंडा बदललात का?"

दुसऱ्या खेपेला माप नीट घेतलं. नायलॉनच्या पट्टीत अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं भोकं पाडली आणि तिला एकेकात अंगठा घालायला लावला, तोही खेळून आल्यावर, कारण खेळून अंगठा फुगतो. तिची पकड साधी, म्हणजे बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. या पकडीत हात बॉलवर ठेवला की तळवा आणि बॉल यांच्यामधून पेन्सिल जेमतेम सरकली पाहिजे. पेन्सिल अडली तर स्पॅन जास्त, सैल फिरली तर कमी. एवढी साधी परीक्षा लेखात एका ओळीत मावली असती. भोकांच्या कडाही घासून गोल केल्या, नाहीतर सुटताना बोट कापतं. अंगठ्याच्या भोकाची तर दोन संध्याकाळी घासली.

हे सगळं १२ पौंडांच्या साध्या प्लास्टिकच्या बॉलवर. रिॲक्टिव्ह रेझिनचा, म्हणजे जास्त वळणारा महागडा बॉल असेल तर आतल्या गाभ्याचा आकार वेगळा असतो, वरच्या रंगीत ठिपक्यापासून, ज्याला पिन म्हणतात, भोकं किती लांब यावर बॉलचं वळणं बदलतं. तिथे मीही हात घालत नाही, जाणकाराकडे नेतो. लेखकानं मात्र दोन्ही बॉल एकाच ओळीत निकालात काढलेत.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान चौथ्या भोकाची दुरुस्ती छापावी. आणि जागा उरली तर हेही छापा, की मुंबईच्या जुलैत अंगठा सकाळी एक मापाचा असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या, त्यासाठी भोक पुन्हा मोठं करू नये. आतून टेपचा एक तुकडा चिकटवावा, अंगठा फुगला की काढावा. लेकीच्या बॅगेत टेपचा रोल कायम असतो, गेल्या आठवड्यात तो मी कुकरच्या शिट्टीला वापरला म्हणून ऐकून घेतलं.

कळावे,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
भांडुप (पश्चिम), मुंबई