कूलर बंद करणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र मागच्या वर्षीच लिहायला हवं होतं. दोनदा बसले, दोन्ही वेळा डोळे भरून आले आणि राहून गेलं.

मे महिना होता. आपल्या नागपूरचं ऊन, पारा ४५च्या घरात. मी १४ वर्षांच्या भाच्याला घेऊन समुपदेशनासाठी तुमच्याकडे आले. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, मान सारखी दाराकडे. तुम्ही त्याला काही विचारलंच नाही. थोडा वेळ नुसतं बघितलंत, उठलात आणि कूलर बंद केलात.

"याच्या आवाजात बाहेर कोण आलं ते कळत नाही, नाही का?"

पोरानं मान हलवली. मग तुम्ही त्याची खुर्ची दार दिसेल अशी फिरवून दिलीत आणि पाऊण तास घामानं निथळत बसून राहिलात. एकदासुद्धा कूलरकडे पाहिलं नाहीत.

माझी बहीण गेल्यावर तीन वर्षं तो बापाजवळ होता. गाडीचा आवाज, फाटकाची कडी, जिन्यावरची पावलं. आज मार आहे की नाही, हे त्याला तेवढ्यावरून ओळखावं लागायचं. आमच्याकडे आल्यावर तो रात्री कूलर लावू द्यायचा नाही. आम्ही म्हणायचो, नखरे आहेत. मीही म्हटलं आहे, ताई.

तुमच्याआधी आम्ही काय कमी दारं झिजवली? वर्गातल्या कुणी नुसतं वळून पाहिलं तरी "काऊन पाहून राहिला बे?" म्हणत हा अंगावर जायचा. शाळेतून निरोप आला, माजलाय, घरी दोन ठेवून द्या. मारानंच ज्याची ही गत झाली, त्याला आणखी मार! एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत "मोबाइल काढून घ्या" सांगून आम्हाला वाटेला लावलं. नातेवाईक तर सरळ म्हणाले, बापाचंच रक्त.

रक्ताचा काही संबंध नाही, हे तुम्ही मला बसवून समजावलंत. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो धोका हेरतो. मारझोडीच्या घरात वाढलेल्या मुलांना लंडनच्या संशोधकांनी रागीट चेहरे दाखवले आणि मेंदूचे स्कॅन काढले, २०११ साली. युद्ध पाहून आलेल्या सैनिकांच्या मेंदूत हाच भाग जसा तापलेला दिसतो, तसाच तो या लेकरांमध्ये दिसला. आणि ती लेकरं आजारी नव्हती. अमेरिकेत सेथ पोलक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत मार खाल्लेली मुलं अंधूक चेहऱ्यावरचा रागही इतर मुलांच्या आधी ओळखत होती. आमचा पोरगा हेच शिकून आला होता. त्या घरात त्याचा जीव या सवयीनंच वाचवला, आणि वर्गात त्याच सवयीपायी त्याला एक मित्र टिकत नव्हता. आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, वेळ गेलेली नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या वाक्यावर मी कितीतरी रात्री काढल्या.

पण खरं सांगू? हे सगळं ज्ञान मला नंतर कळलं. आधी दिसला तो कूलर. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, समोरच्या पोराची मान कुठे वळते आहे ते पाहणारी तुम्ही एकट्याच. असा चांगुलपणा कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही, तो तुमच्या घरातूनच आला असणार. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

तो अजून भांडतो. गेल्या महिन्यात एकदा शाळेतून बोलावणं आलं होतं. पण आता घरी येऊन स्वतः विचारतो, "मावशी, तो खरंच चिडला होता का, का मलेच वाटलं?"

परवा त्यानं स्वतः कूलरमध्ये पाणी भरलं, बटण दाबलं आणि दाराकडे पाठ करून झोपला. मी रात्री दोनदा उठून पाहिलं. कूलर सुरूच होता.

तुमची,
त्याची मावशी