ड्रेस्डेनहून पत्र: साखरपुड्यासाठी पंचवीस टोकांचा तारा

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

खोकला पूर्ण गेला आहे, स्वेटर-कोट भरपूर आहेत. बाबांनी रोज इथलं तापमान बघून काळजी करू नये. घरात आत उबदारच असतं.

भाचरांना व्हिडिओत दिसला तो हेर्नहूटचा तारा, म्हणजे आत दिवा लावायचा कागदी तारा. हेर्नहूट हे 1722 साली वसलेलं, मोरावियन या ख्रिस्ती पंथाचं गाव, जर्मनीतल्या याच सॅक्सनी राज्यात आहे. तारा मात्र आधी तिथून जवळच्या नीस्की गावातल्या त्यांच्या शाळेत झाला, एकोणिसाव्या शतकात. भूमिती हाताला समजावी म्हणून मुलांकडून तो करून घेत. धाकटीच्या साखरपुड्याला दारात असे दोन लावा, कृती देते.

दीडशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा) पांढरा कागद आणा. याहून जाड असेल तर उजेड अडतो, पातळ असेल तर टोकं लोंबतात. एका ए-फोरवर एक टोक बसतं. 6 सेंमी पाया आणि 18 सेंमी उंचीचे त्रिकोण, शिखर एकच ठेवून शेजारी शेजारी काढायचे. चौकोनी टोकाला चार, तिकोनीला तीन. एका लांब कडेला आणि प्रत्येक पायाला 1 सेंमीची पट्टी सोडायची. घडीच्या रेषा आधी रिकाम्या बॉलपेनने दाबून घ्या, नाहीतर कागद हवा तिथे मोडत नाही. चौकोनी 17 आणि तिकोनी 8 टोकं लागतात.

जोडताना आधी आठ चौकोनी टोकांचं कडं करा. त्याच्या वर एकाआड एक चार चौकोनी, चार तिकोनी. खालीही तसंच, आणि अगदी तळाला एक चौकोनी. वरचं तोंड उघडं राहतं, तिथून बल्ब आत सोडायचा. पट्ट्या आतल्या बाजूला वळवून एकमेकींना चिकटवायच्या. पाया जरा कमीजास्त झाला तर फरक कडंभर साठत जातो आणि शेवटचं टोक बसतच नाही, म्हणून पुठ्ठ्याचा एकच साचा कापून सगळी टोकं त्यावरूनच आखा. उघड्या तोंडाला दुहेरी कागदाची चौकट लावा, नाहीतर वजनाने पट्ट्या फाटतात. बल्ब 3 वॅटचा एलईडीच हवा, जुना पिवळा नको. तो तापतो आणि कागद करपतो.

बाबांना एका गोष्टीचं नवल वाटेल. दुकानांत नाताळची खाऊपाकिटं सप्टेंबरपासून येतात, पण तारा कोणी लावत नाही. अॅडव्हेंट म्हणजे नाताळआधीचे साधारण चार आठवडे. त्याच्या आधीचा रविवार इथे मृतांच्या स्मरणाचा. प्रशियाच्या राजाने 1816 मध्ये तो ठरवून दिला. त्या दिवशी लोक कबरींवर डहाळ्या आणि दिवे ठेवून येतात. तो होईपर्यंत रोषणाई करणं वाईट दिसतं, अगदी आपल्याकडे पितृपक्षात शुभकार्य काढत नाहीत तसं. पुढच्या शनिवारी घरोघरी खोक्यातून तारा निघतो, मुलं तो पुन्हा जोडतात. 6 जानेवारीच्या सुमारास तो उतरवतात, टोकं सुटी करून वर्षभर नीट ठेवतात. आजोबांनी घेतलेला तारा नातवंडं लावतात. मला हे फार आवडलं.

आई, अॅडव्हेंटच्या डहाळ्यांच्या कड्यावर लावतात त्या मेणबत्त्यांची भीती नको. घरात धुराची घंटा सक्तीची आहे. फर या सूचिपर्णी झाडाची डहाळी वाळली की पेट घेते म्हणून डहाळ्यांवर पाणी मारते, आणि मेणबत्ती दोन बोटं उरली की बदलते. खोलीतून उठताना विझवतेच.

आता मुख्य. साखरपुड्याला मला येता येणार नाही. डिसेंबरचं तिकीट दुप्पट आहे आणि सुट्टी मला लग्नासाठी राखायची आहे. धाकटी काही बोलली नाही, पण फोनवर गप्प होती. तिला जवळ घेऊन समजाव. ओटी भरताना माझ्या वाटणीचीही तूच भर. लग्नाला मी आठ दिवस आधी येते.

दादाच्या खात्यात हॉलच्या आगाऊ रकमेचे पैसे टाकलेत, बाकीचे फेब्रुवारीत पाठवते. बांगड्या मोडायचा विचार अजिबात करू नका. आत्याने सुचवलेल्या स्थळाला सध्या होकार-नकार काही कळवू नका. मी आल्यावर समोर बसून बोलू. जावयांच्या अंगठीचं माप तेवढं कळवा.

तुमची,
बबी