अर्धीच जुळवलेली चावी, उपटलेला सायरन आणि परत न दिलेली मूळ चावी याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : नाशिक शाखेने केलेल्या चावी व अलार्मच्या कामाबद्दल

महोदय,

माझी १९९९ सालची दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार तुमच्या नाशिक शाखेत दिली होती. गाडी इंग्लंडहून आलेली, उजव्या स्टिअरिंगची. मॉडेल जॉबकार्डवर आहेच. कामं दोनच सांगितली होती. अलार्म रात्री-बेरात्री आपोआप वाजतो, त्याचं कारण शोधा. आणि एका चावीचं बटण चालत नाही, तिच्या जागी नवी चावी करून द्या. बिल ४१,३०० रुपये झालं, ते मी तिथेच भरलं. काउंटरवरच्या मुलाने नवी चावी हातात घेतली, बटण दाबलं, चारही इंडिकेटर लुकलुकले, दारं उघडली. "झालं सर." मी नेहमीच्या दुसऱ्या चावीने गाडी काढली आणि चांदवड-मालेगावमार्गे धुळ्याला आलो.

घरी नवी चावी लावली. दार उघडलं, स्टार्टर फिरला, इंजिन काही पेटेना. माझी नेहमीची जुनी चावी लावली, एका झटक्यात चालू.

शाखेला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, गाडी जुनी आहे, इमोबिलायझर गेलाय. पूर्ण कंट्रोल युनिट बाहेरून मागवावं लागेल." अहो, इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा. तिचं युनिट गेलं असतं तर माझ्या जुन्या चावीनेही गाडी चालू झाली नसती! आणि असं युनिट नुसतं बदलून भागत नाही. ते इंजिनच्या कॉम्प्युटरशी जोडी लावलेलं असतं. दोघांची ओळख पटल्याशिवाय इंधन आणि ठिणगी सुटत नाही. चाललेली जोडी मोडायला सांगणारा माणूस तुमच्याकडे चावीच्या टेबलावर बसतो, याचंच नवल वाटतं.

खरं काय झालंय ते मी लिहितो, म्हणजे पुढच्या फोनवर तेच उत्तर ऐकावं लागणार नाही. त्या काळातल्या चावीच्या मुठीत दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे बटणाचा रिमोट. तो बटणसेलवर चालतो, युरोपच्या गाड्यांत बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि प्रत्येक दाबाला नवा कोड पाठवतो, म्हणजे कोणी एकदा ऐकून नंतर तोच वाजवला तरी उपयोग होऊ नये. हा रिमोट फक्त दारं आणि अलार्म सांभाळतो. दुसरी वस्तू म्हणजे ट्रान्सपॉन्डर, एक इवलीशी चिप. तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं कडं असतं, त्यातून तिला १२५ किलोहर्ट्झवर वीज मिळते आणि तेवढ्यावर ती आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक युनिटच्या यादीत असेल तरच इंजिन चालू होतं. म्हणूनच सेल संपलेल्या चावीनेही दार हाताने उघडून गाडी चालू करता येते. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. माझी गाडी त्यानंतरची आहे, तेव्हा हे काही गुपित नाही.

तुमच्या शाखेने रिमोट जुळवला, चिप जुळवलीच नाही. बिलावर मात्र "की प्रोग्रामिंग, संपूर्ण" असं छापलंय. शाखेतला एक जण तर म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीला कीलेस एन्ट्री, म्हणजे कुलपात चावी न घालता दार उघडणं, नीट बसतच नाही. त्याला सांगा, रेनो फ्युगोला बटणाने उघडणारी दारं १९८२ साली होती आणि १९९३ च्या कॉर्व्हेटचं दार तर मालक नुसता जवळ आला की उघडायचं, बटणही दाबावं लागत नसे. जुनी गाडी हा अडाणीपणाला परवाना नाही.

आता माझी मूळ चावी. "नमुना म्हणून राहू द्या, कुरिअरने पाठवतो" असं सांगून ती ठेवून घेतली, ती अजून आलेली नाही. तिचं फक्त बटण मेलंय. पातं शाबूत आहे, चिप शाबूत आहे आणि तिचा क्रमांक माझ्या गाडीच्या यादीत अजून आहे. म्हणजे तुमच्या ड्रॉवरमध्ये जी "खराब" चावी पडली आहे तिने माझी गाडी उघडते आणि चालूही होते. तुम्ही पैसे घेऊन दिलेल्या नव्या चावीने होत नाही. चावीसोबत दिलेलं कोडचं कार्डही शाखेतच आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही चाव्या मागते. तेव्हा मी काय दाखवायचं, तुमचं बिल?

अलार्मचा प्रकार तर आणखी नामी. गाडी परत आली आणि रात्रीचा आवाज थांबला. मला बरं वाटलं. मग देवपुरातल्या आमच्या शेजारच्या बाबांनी सकाळी हटकलं, "भाऊ, तुमनी गाडी रातले डोया मारस!" पाहिलं तर खरंच, मध्यरात्री सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकत होते. सायरन तेवढा गप्प. इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडून हात घातला तर सायरनचा कप्लर, म्हणजे तारांचा जोड, उपसून काळ्या टेपने गुंडाळलेला. बिलावर त्याचं नाव "अलार्म मॉड्यूल दुरुस्ती".

सायरन काढल्यावरही इंडिकेटर लुकलुकतात, याचा अर्थ सरळ आहे. अलार्मला कुठून तरी खोटी खबर मिळतेय. दारं, बोनेट, डिक्की यांच्या कुलपांतले छोटे स्विच आणि आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एवढीच ती ठिकाणं. सायरन दोषी असता तर गोष्ट वेगळी. या पिढीच्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, चोराने मुख्य तार कापली तरी ओरडता यावं म्हणून; ती वर्षानुवर्षांनी पाझरते, सर्किट खाते आणि सायरन मनानेच बोंबलू लागतो. पण मग इंडिकेटर लागले नसते. आमच्या इलेक्ट्रिशियनने डिक्कीच्या कुलपातल्या मायक्रोस्विचच्या तारा एका रात्रीपुरत्या 'बंद'च्या स्थितीत जोडून ठेवल्या, आणि गाडी सकाळपर्यंत शांत राहिली. स्विच बदलायचं काम त्याने चहा संपायच्या आत केलं. इकडच्या मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास असतो आणि धूळ तर बारमाही; वीस-पंचवीस वर्षांचा तो स्विच अडकला यात आश्चर्य नाही. आश्चर्य तुमच्या तपासणी अहवालाचं आहे, ज्यात "स्कॅन केले, दोष नाही" लिहिलंय. साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, इंजिन आणि धुराचे दोष वाचतो. अलार्म कशामुळे वाजला याची नोंद अलार्मच्या युनिटमध्ये असते आणि ती वाचायला त्या बनावटीचं यंत्र लागतं. ते तुमच्याकडे आहे, असं तुमच्याच भिंतीवरचा फलक सांगतो.

माझं म्हणणं असं. मूळ चावी आणि कोडचं कार्ड आधी परत करा, हे बाकी कशासाठीही थांबता कामा नये. नव्या चावीची चिप जुळवा. त्याच वेळी यादीतल्या सगळ्या चाव्या पुसून फक्त माझ्या हातातल्या चाव्या नव्याने नोंदवा आणि किती नोंदवल्या ते लिहून द्या. सायरन कोणी, कधी, कोणाला विचारून काढला याचं लेखी उत्तर हवं. अलार्मच्या न केलेल्या दुरुस्तीचे १४,५०० रुपये परत हवेत. स्विचचे मी मागत नाही, ते आमच्या माणसाने इतके कमी घेतले की लिहायलाही संकोच वाटतो.

गाडी मी नाशिकला आणणार नाही. चालणारी चावी एकच उरली आहे, आणि ती वाटेत कुठे हरवली तर गाडी टेम्पोवर घालावी लागेल. यंत्र घेऊन तुमचा माणूस धुळ्याला पाठवा. यंत्राशिवाय पाठवू नका, नुसता जेवून परत जाईल.

हे पत्र पोचल्यापासून १५ दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे धुळे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असेलच.

सोबत : बिल, जॉबकार्ड, तपासणी अहवाल यांच्या प्रती; टेप गुंडाळलेल्या कप्लरचे फोटो.

कळावे,
आपला ग्राहक,
देवपूर, धुळे