मंजुरीलाही मुदत हवी

द्वेषमूलक भाषणाविरुद्ध नवा कायदा मागताना जुन्यातली खरी गोम कुणी बघत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (गटागटांत वैर पसरवणे) खाली गुन्हा नोंदवायला, अटकेला, मोबाइल जप्तीला सरकारी मंजुरी लागत नाही. ती लागते न्यायालयाने दखल घेताना, म्हणजे खटला पुढे न्यायचा तेव्हा. म्हणून पोस्ट टाकणारा पोर आधी कोठडीत जातो आणि पुढाऱ्याची फाईल मंत्रालयात धूळ खाते. चीड येते ती याचीच! बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवरील फेसबुक पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये झालेली अटक आठवा. त्यानंतर २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचे कलम ६६अ रद्द झाले, तरी पोलीस ते लावतच राहिले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणे उचित ठरवले. ती सक्तीची करा, मंजुरीलाही मुदत घाला.

– एक वकील, ठाणे